एसडीओच्या सौर प्रतिमांवर अनेक संगणकांनी मिळून काम कसे करावे: नवोदितांसाठी मार्गदर्शक

नासाचे 'सोलर डायनॅमिक्स ऑब्झर्व्हेटरी' हे यान, म्हणजे एसडीओ, ११ फेब्रुवारी २०१० रोजी अवकाशात गेले आणि त्या वर्षापासून ते जवळजवळ अखंडपणे सूर्याकडे रोखलेले आहे. त्यावरील एआयए या उपकरणाच्या चार दुर्बिणी सूर्याच्या वातावरणाची छायाचित्रे घेतात. अतितीव्र अतिनील पट्ट्यातील सात तरंगलांब्यांपैकी प्रत्येकीत दर १२ सेकंदांना एक प्रतिमा मिळते आणि प्रत्येक प्रतिमा ४०९६ × ४०९६ पिक्सेलांची असते. एचएमआय हे दुसरे उपकरण दर ४५ सेकंदांना सूर्यपृष्ठावरील चुंबकक्षेत्राचे आणि वेगाचे नकाशे देते. या यानावर निरीक्षणे साठवून ठेवण्याची सोयच नाही. त्याची भूसमकालिक कक्षा अशी निवडलेली आहे की अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातल्या व्हाइट सँड्स येथील केंद्राशी त्याचा संपर्क सतत राहावा, आणि सेकंदाला सुमारे १३० मेगाबिट या वेगाने जे टिपले ते लगेच खाली पाठवले जावे. हा ओघ दिवसाला सुमारे दीड टेराबाइट इतका भरतो.

घरातील १०० मेगाबिटची इंटरनेट जोडणी पूर्ण वेगाने अहोरात्र चालली, तरी एका दिवसाची ही आवक उतरवून घ्यायला तिला तेहेतीस तास लागतील. म्हणजे आपण रोज नऊ तासांनी मागेच पडत जाऊ. म्हणून अधिक मोठी डिस्क किंवा अधिक वेगवान संगणक घेऊन हा प्रश्न सुटत नाही. डेटा आपल्या संगणकाकडे ओढून आणण्याआधी आपले काम डेटाकडे किती नेता येईल हे पाहावे लागते, आणि जे काही आणावेच लागेल ते कोणत्या दिशेने तोडून वाटायचे हे आधी ठरवावे लागते. पुढील सर्व पायऱ्या या दोन निर्णयांभोवती आहेत. वाचकाला पायथनची प्राथमिक ओळख आहे आणि त्याच्याकडे साधारण १६ जीबी मेमरीचा एक लॅपटॉप आहे, एवढेच येथे गृहीत धरले आहे.

डेटा कोठे आणि कसा ठेवलेला असतो

एआयए आणि एचएमआय यांचा मुख्य साठा कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात आहे. तेथील केंद्राला जेसॉक म्हणतात. या साठ्याची रचना समजली की पुढचे निम्मे काम सोपे होते, म्हणून येथे थोडे थांबावे. जेसॉकमध्ये प्रतिमा आणि प्रतिमेविषयीची माहिती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेली असते. वेळ, तरंगलांबी, एक्स्पोजर, दुर्बिणीची दिशा, दर्जाचा संकेतांक अशा नोंदी पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमध्ये असतात, तर प्रत्यक्ष पिक्सेल असलेल्या फाइली स्वतंत्र साठवण व्यवस्थेत असतात. त्यांपैकी जुन्या फाइली चुंबकीय फितींवर गेलेल्या असू शकतात आणि मागणी आल्यावर त्या डिस्कवर परत आणाव्या लागतात. आपल्याला 'फाइल' म्हणून जे हातात मिळते, ते मागणीच्या क्षणी या दोन्हींची सांगड घालून तयार केलेले असते.

याचा व्यवहारातला अर्थ असा की प्रतिमांना हात न लावता केवळ नोंदी विचारता येतात, आणि त्याला काही सेकंद पुरतात. नवोदित बहुतेक वेळा ही सोय वापरत नाहीत. ते थेट फाइली उतरवायला घेतात आणि शेकडो फाइली आल्यानंतर त्यांतल्या काही निरुपयोगी असल्याचे त्यांच्या लक्षात येते.

स्टॅनफर्डबाहेरही या साठ्याच्या आंशिक प्रती आहेत. ब्रसेल्समधील बेल्जियमची रॉयल वेधशाळा आणि फ्रान्समधील ओर्से येथील मेडॉक हे केंद्र ही त्यांतील दोन उदाहरणे. 'व्हर्च्युअल सोलर ऑब्झर्व्हेटरी' ही सेवा अशा अनेक भांडारांवर एकच शोधखिडकी पुरवते. पायथनमध्ये सनपाय या तयार कोडच्या संग्रहातील 'फिडो' हे साधन तिच्याशी बोलते. जेसॉकशी थेट बोलण्यासाठी 'डीआरएमएस' नावाचा वेगळा संग्रह आहे. सुरुवात फिडोने करावी, पण नोंदींची बारीक छाननी करायची असेल तर डीआरएमएसला पर्याय नाही, असे माझे मत आहे.

पहिली पायरी: घटना, वेळ आणि घड्याळ

आपण एक खरी घटना घेऊ. मे २०२४ मध्ये १३६६४ क्रमांकाच्या सक्रिय क्षेत्रातून एकामागून एक सौरज्वाला उठल्या आणि त्यांच्या परिणामी १० मेच्या रात्री पृथ्वीवर अतितीव्र भूचुंबकीय वादळ झाले. लडाखमधील हान्ले येथूनही त्या रात्री आकाशातील लाल ध्रुवीय प्रकाश टिपला गेला. याच क्षेत्रात १० मे रोजी एक्स ३.९ प्रतीची, म्हणजे सर्वांत तीव्र गटातील, ज्वाला ०६:५४ या जागतिक वेळेला, म्हणजे भारतीय वेळेनुसार दुपारी १२:२४ वाजता शिखरावर पोहोचली. आपला प्रश्न असा ठेवू: या ज्वालेच्या काळात १३१ आणि १७१ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) या दोन तरंगलांब्यांतील तेज कसे बदलत गेले? यांतील १३१ मध्ये ज्वालेच्या वेळी सुमारे एक कोटी अंशांचा तप्त वायू उठून दिसतो, तर १७१ मध्ये सहा-सात लाख अंशांचे, तुलनेने शांत प्रभामंडल (कोरोना) दिसते. त्यासाठी ०६:०० ते ०८:०० हे दोन तास पुरेसे आहेत.

येथे घड्याळाविषयी एक सावधगिरी हवी. एआयएच्या नोंदी जागतिक वेळेत असतात, पण एचएमआयच्या नोंदी आंतरराष्ट्रीय आण्विक वेळेत असतात, आणि २०१७ पासून या दोन वेळांमध्ये ३७ सेकंदांचा फरक आहे. एआयएच्या दृष्टीने ३७ सेकंद म्हणजे तीन प्रतिमा. ज्वालेच्या चढत्या काळात तीन प्रतिमांची चूक निष्कर्ष उलटा करू शकते: चुंबकक्षेत्रातील बदल आधी झाला की तेज आधी वाढले, या प्रश्नाचे उत्तरच बदलू शकते. म्हणून काम सुरू होतानाच सर्व वेळा एका पद्धतीत आणाव्यात. सनपाय आणि ॲस्ट्रोपाय यांच्यातील वेळेची साधने हे रूपांतर बिनचूक करतात.

घटना डोळ्यांनी पाहण्यासाठी हेलिओव्ह्यूअर हे संकेतस्थळ उत्तम आहे. मात्र तेथील चित्रे पाहण्याच्या सोयीसाठी दाबलेली असतात, त्यांच्यावरून तेजाची मोजमापे करू नयेत.

दुसरी पायरी: आधी केवळ नोंदी मागवा

दोन तासांत दर १२ सेकंदांना एक याप्रमाणे प्रत्येक तरंगलांबीच्या ६०० प्रतिमा अपेक्षित आहेत. डीआरएमएसला वेळेची सीमा आणि तरंगलांबी देऊन वेळ, एक्स्पोजर, दर्जा आणि दुर्बिणीच्या दिशेच्या नोंदी तेवढ्या मागाव्यात. उत्तर एका तक्त्याच्या रूपात येते. त्यात ओळी किती आहेत, लागोपाठच्या दोन वेळांमध्ये १२ सेकंदांहून मोठी खिंडारे कोठे आहेत आणि दर्जाचा संकेतांक शून्य नसलेल्या, म्हणजे काही दोष नोंदलेल्या, ओळी किती आहेत, हे पाहावे. खिंडारांची कारणे अनेक असतात. वर्षातून दोनदा, प्रत्येक वेळी सुमारे तीन आठवडे, पृथ्वी रोज यान आणि सूर्य यांच्यामध्ये येते आणि निरीक्षण जास्तीत जास्त ७२ मिनिटे थांबते. शिवाय उपकरणांच्या जुळवणीसाठी अधूनमधून यान मुद्दाम वळवले जाते.

हाच तक्ता पुढे संपूर्ण कामाची यादी होणार आहे, म्हणून तो फाइलीत जतन करावा आणि त्यात 'काम झाले का' असा एक रकाना वाढवावा. हा रकाना आत्ता क्षुल्लक वाटेल, पण त्याचे महत्त्व पुढे दिसेल.

आता आकारमानाचा अंदाज घेऊ. एका प्रतिमेत सुमारे १ कोटी ६८ लाख पिक्सेल असतात. दाबलेल्या स्वरूपात तिची फाइल साधारण १० ते १५ एमबीची असते आणि एवढ्यावरच नवोदित समाधान मानतात. पण गणितासाठी ती मेमरीत उघडली की प्रत्येक पिक्सेलला चार बाइट धरले तरी ती ६७ एमबी होते, आणि आठ बाइट धरले तर १३४ एमबी. चार बाइटांच्या हिशेबाने ६०० प्रतिमांचे ४० जीबी आणि दोन तरंगलांब्यांचे ८० जीबी. सोळा जीबीच्या लॅपटॉपला हे झेपणार नाही.

तिसरी पायरी: कापण्याचे काम सर्व्हरवर सोपवा

आपल्याला संपूर्ण सूर्यबिंब नको आहे, एकच सक्रिय क्षेत्र हवे आहे. एआयएचा एक पिक्सेल आकाशात ०.६ कोनीय सेकंदाचा असतो. ८०० × ८०० पिक्सेलांचा चौकोन घेतला तर ४८० कोनीय सेकंदांची बाजू मिळते आणि १३६६४ सारखे अवाढव्य क्षेत्रही त्यात मोकळेपणाने बसते. असा एक तुकडा चार बाइटांच्या हिशेबाने २.५६ एमबीचा, ६०० तुकडे सुमारे दीड जीबीचे, आणि दोन्ही तरंगलांब्या मिळून तीन जीबी. ८० जीबीचे काम ३ जीबीवर आले, आणि अजून आपण दुसरा संगणक जोडलेलाही नाही.

जेसॉकच्या निर्यात सेवेत ही कापणी तेथल्या तेथे करून मिळते. ती मागताना चौकोनाचा मध्य, रुंदी आणि उंची द्यावी, आणि क्षेत्राचा मागोवा घेण्याचा पर्याय निवडावा, कारण सूर्य फिरत असतो. बिंबाच्या मध्यभागाजवळील एखादे ठिकाण पृथ्वीवरून पाहताना तासाला सुमारे १५ पिक्सेल सरकते. कडेकडे हे सरकणे कमी दिसते. चौकोन स्थिर ठेवला तर दोन तासांत क्षेत्र त्यात तीसेक पिक्सेलांपर्यंत सरकून एका पिक्सेलचा इतिहास दुसऱ्या जागेच्या इतिहासात मिसळतो.

या सेवेसाठी आपला ईमेल पत्ता तेथे एकदा नोंदवावा लागतो. मागणी रांगेत लागते आणि तयार झाली की कळवले जाते. आपली घाई असली तरी एकाच वेळी शेकडो मागण्या लावू नयेत आणि उतरवताना समांतर जोडण्या थोड्याच ठेवाव्यात. हे भांडार जगभरच्या अभ्यासकांसाठी विनामूल्य खुले आहे. ते सर्वांना वेळेवर मिळत राहावे, ही वापरणाऱ्या प्रत्येकाची जबाबदारी आहे.

चौथी पायरी: एका प्रतिमेचे काम निर्दोष करा

काम अनेक संगणकांवर पसरण्यापूर्वी ते एका प्रतिमेवर, एका संगणकावर, शंभर टक्के बरोबर चालले पाहिजे. एका फाइलीचे नाव घेऊन त्या प्रतिमेचे उत्तर परत देणारे एकच फंक्शन लिहावे. त्याने बाहेरच्या कोणत्याही चलावर अवलंबून राहू नये, आधीच्या प्रतिमेचे काहीही लक्षात ठेवू नये, आणि तीच फाइल दोनदा दिली तर दोन्ही वेळा तेच उत्तर द्यावे. या तीन अटी पाळल्या तरच ते पुढे कोठेही, कोणत्याही क्रमाने चालवता येते.

एआयएच्या बाबतीत या फंक्शनमध्ये चार गोष्टी येतात आणि त्यांतील पहिल्या तीन 'एआयएपाय' या संग्रहात तयार मिळतात. पहिली, दुर्बिणीच्या दिशेची सुधारित माहिती प्रतिमेला जोडणे. दुसरी, प्रतिमा फिरवून आणि तिची मोजपट्टी बदलून सर्व तरंगलांब्यांचे पिक्सेल एकमेकांवर बसतील असे करणे. तिसरी, काळाच्या ओघात कमी झालेल्या संवेदनशीलतेची भरपाई करणे. ३०४ अँगस्ट्रॉमच्या दुर्बिणीची संवेदनशीलता तर वर्षांमागून वर्षे इतकी घटली आहे की भरपाई न करता २०१० आणि २०२४ यांची तुलना करणे निरर्थक ठरेल. यांतील फिरवण्याचे काम संपूर्ण बिंबाच्या प्रतिमेवर करून मग चौकोन कापणे हा सुरक्षित क्रम आहे. जेसॉकला निर्यातीच्या वेळीच हे दोन्ही टप्पे सांगता येतात.

चौथी गोष्ट एक्स्पोजरने भागण्याची आहे आणि ज्वालेच्या अभ्यासात तीच सर्वाधिक महत्त्वाची ठरते. एरवी १३१ अँगस्ट्रॉमच्या प्रतिमेचे एक्स्पोजर सुमारे २.९ सेकंदांचे असते. ज्वाला पेटली की एआयए आपोआप ते कमी करते, पण तेही एकाआड एक प्रतिमेत. त्यामुळे कच्च्या आकड्यांचा आलेख काढला तर तेजाची रेषा करवतीच्या दात्यांसारखी वरखाली होताना दिसते, आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो सूर्याचा स्पंदनाविष्कार वाटू शकतो. प्रत्येक प्रतिमेला तिच्या स्वतःच्या नोंदीतील एक्स्पोजरने भागले की दाते पुष्कळसे नाहीसे होतात. तरीही शिखराच्या आसपास काही उरले तर त्याचे कारण संपृक्तता असते: दीर्घ एक्स्पोजरच्या प्रतिमेत शोधकाची मर्यादा भरून गेलेली असते आणि मर्यादेपलीकडचे तेज नोंदलेलेच नसते, ते भागाकाराने परत येत नाही. अशा काळात केवळ लघु एक्स्पोजरच्या प्रतिमा वापराव्यात. म्हणून प्रत्येक उत्तरासोबत वेळ, एक्स्पोजर, दर्जाचा संकेतांक आणि संपृक्त पिक्सेलांची संख्याही परत द्यावी. छाननी नंतर करता येते, पण जी माहिती परत दिलीच नाही तिची छाननी होऊ शकत नाही.

फंक्शन तयार झाल्यावर दहा प्रतिमांवर चालवावे: दोन ज्वालेपूर्वीच्या, सहा शिखराजवळच्या, दोन नंतरच्या. लागलेला वेळ आणि वापरलेली मेमरी मोजून ठेवावी.

पाचवी पायरी: काम वाटणे

पायथनमधील डास्क हे साधन येथे उपयोगी पडते. त्याची रचना सोपी आहे. एक शेड्युलर असतो, तो कामांची यादी सांभाळतो. अनेक वर्कर असतात, ते यादीतील एकेक काम उचलतात आणि उत्तर परत देतात. वर्कर एकाच लॅपटॉपवरच्या चार प्रक्रिया असू शकतात किंवा चाळीस वेगवेगळ्या संगणकांवर पसरलेले असू शकतात. आपल्या फंक्शनला त्याने फरक पडत नाही. आपल्या ६०० फाइलींची यादी घ्यावी, प्रत्येक फाइलीसाठी ते फंक्शन असे सांगावे, आणि चालू करावे.

प्रत्येक प्रतिमा दुसऱ्या प्रतिमेपासून स्वतंत्र असल्यामुळे हे काम काळाच्या दिशेने कोठेही तोडता येते. नवोदित येथे तीन ठिकाणी अडखळतात. एक, ते शेड्युलरकडे प्रतिमाच पाठवतात. तसे न करता फाइलीचे नाव पाठवावे आणि वाचन वर्करने करावे. परत येताना पूर्ण प्रतिमा न येता चार-पाच आकडे यावेत. आपल्या ६०० उत्तरांचा संपूर्ण तक्ता काही दहा केबीचाच होतो. दोन, मेमरीचा हिशेब कमी धरला जातो. संपूर्ण बिंबाची प्रतिमा फिरवताना तिच्या तीन-चार प्रती एकाच वेळी मेमरीत राहतात, म्हणजे आठ बाइटांच्या हिशेबाने प्रत्येक वर्करला अर्धा जीबी. त्यावर पायथनच्या संग्रहांचा भार वेगळा. सोळा जीबीच्या यंत्रावर म्हणून दहा वर्करपेक्षा चार वर्कर अधिक वेगाने काम संपवू शकतात, कारण दहांमध्ये मेमरी अपुरी पडून डिस्कवर अदलाबदल सुरू होऊ शकते. तीन, धागे (थ्रेड) आणि प्रक्रिया (प्रोसेस) यांतील निवड. पायथनच्या साध्या कोडमध्ये एका प्रक्रियेतील अनेक धागे एकमेकांची वाट अडवतात. म्हणून सुरुवातीला प्रत्येक वर्करला एक प्रक्रिया आणि एकच धागा द्यावा.

दोन वर्करांनी निम्मा वेळ लागला, चारांनी पाव, पण आठांनीही पावच, असे दिसले तर गणिताचा दोष नाही. डिस्क त्याहून वेगाने वाचू शकत नाही. तेव्हा वर्कर वाढवण्यापेक्षा फाइली वेगवान डिस्कवर हलवाव्यात. डास्कचा दर्शकफलक ब्राउझरमध्ये उघडून ठेवावा. कोणता वर्कर मोकळा बसला आहे आणि कोणाची मेमरी भरत आली आहे हे तेथे लगेच दिसते.

लॅपटॉप अपुरा पडला की संस्थेच्या क्लस्टरकडे, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या संगणकांच्या समूहाकडे, वळावे. राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मोहिमेखाली सी-डॅकने उभारलेल्या परम मालिकेतील यंत्रांपैकी परम ब्रह्मा पुण्याच्या आयसरमध्ये आहे, आणि इतरही अनेक संस्थांत अशी यंत्रे आहेत. अशा क्लस्टरवर बहुधा स्लर्म ही रांगव्यवस्था असते आणि डास्कला तिच्याशी जोडणारा स्वतंत्र संग्रह उपलब्ध आहे. तेथे जाण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. गणना करणाऱ्या नोडना, म्हणजे क्लस्टरमधील संगणकांना, बहुतेक ठिकाणी इंटरनेट नसते, म्हणून फाइली आधीच लॉगिन नोडमार्फत किंवा डेटा हलवण्याच्या नोडमार्फत आणाव्या लागतात. आणि सामायिक डिस्कवर हजारो लहान फाइली एकदम उघडल्या तर सर्वांचेच काम मंदावते. शक्य असेल तेथे त्या आधी नोडच्या स्थानिक डिस्कवर उतरवून घ्याव्यात.

सहावी पायरी: जेव्हा काळाची दिशा चुकीची ठरते

आतापर्यंतचा प्रश्न प्रतिमेगणिक होता. आता समजा, प्रत्येक पिक्सेलमधील तेज किती मिनिटांच्या आवर्तनाने बदलते हे शोधायचे आहे. सूर्यडागांवर तीन मिनिटांची आणि इतरत्र पाच मिनिटांची आंदोलने प्रसिद्ध आहेत. या प्रश्नासाठी एका पिक्सेलची ६०० क्षणांची मूल्ये एकत्र हवीत, आणि आपल्या फाइली तर क्षणागणिक आहेत. चौकोनाचे १०० × १०० पिक्सेलांचे ६४ भाग करून प्रत्येक भाग एका वर्करला दिला, तर प्रत्येक वर्करला सर्व ६०० फाइली उघडाव्या लागतील: एकूण ३८,४०० वेळा फाइल उघडणे आणि दर वेळी तिचा चौसष्टावा हिस्सा वापरून बाकीचा टाकून देणे. बाजारातून एकेक मिरची आणण्यासाठी चौसष्ट फेऱ्या मारण्याइतकेच हे व्यर्थ आहे.

उपाय असा की सर्व फाइली एकदाच वाचाव्यात आणि डेटा नव्या दिशेने तोडून झार या स्वरूपात लिहून ठेवावा. झारमध्ये मोठी सारणी लहान तुकड्यांत साठवली जाते आणि तुकड्याचा आकार आपण ठरवतो. येथे १०० × १०० पिक्सेल आणि पूर्ण ६०० क्षण असा तुकडा घेतला, तर तो चार बाइटांच्या हिशेबाने २४ एमबीचा होतो, म्हणजे वर्करच्या मेमरीत सहज बसणारा. असे ६४ तुकडे मिळून तोच दीड जीबी. यानंतर प्रत्येक वर्कर एक तुकडा उघडतो आणि त्यातील दहा हजार पिक्सेलांचे फूरिये विश्लेषण, म्हणजे आवर्तने शोधण्याचे गणित, कोणालाही न विचारता पूर्ण करतो.

ही दिशा बदलण्याची प्रक्रिया स्वतः महाग आहे, कारण त्या वेळी प्रत्येक वर्करकडचा डेटा इतर प्रत्येकाकडे जातो. म्हणून ती एकदाच करावी आणि तिचे फलित जपून ठेवावे. तुकडे फार लहान केले तर त्यांची संख्या वाढून शेड्युलरच दमतो, फार मोठे केले तर मेमरी भरते. दहा ते शंभर एमबीच्या दरम्यानचा तुकडा बहुतेक कामांना चालतो. गहाळ प्रतिमांच्या जागी रिकामे मूल्य भरावे, शून्य भरू नये. शून्य हे फूरिये विश्लेषणाला खरे तेज वाटते आणि त्यातून खोटी आवर्तने निर्माण होतात.

सातवी पायरी: अपयश गृहीत धरा

अनेक संगणकांवरील मोठ्या कामात काहीतरी मध्येच थांबतेच. फाइल अर्धवट उतरते, नोड बंद पडतो, रांगेतील वेळमर्यादा संपते. येथे दुसऱ्या पायरीतील तक्ता कामी येतो. प्रत्येक फाइलीचे उत्तर आधी तात्पुरत्या नावाने लिहावे, पूर्ण झाल्यावर खरे नाव द्यावे आणि मग 'काम झाले' या रकान्यात खूण करावी. काम पुन्हा सुरू केले की खूण नसलेल्या फाइली तेवढ्याच घ्याव्यात. आपले फंक्शन दोनदा चालवले तरी तेच उत्तर देते, ही अट आपण आधीच पाळलेली आहे, म्हणून पुनरावृत्तीने काही बिघडत नाही. एखादी फाइल तीनदा अपयशी ठरली तर ती बाजूला काढून तिचे कारण लिहावे आणि बाकीचे काम चालू द्यावे.

शेवटी उत्तराची पडताळणी स्वतंत्र साधनाशी करावी. गोज या अमेरिकी हवामान उपग्रहांचा क्ष-किरण आलेख सार्वजनिक आहे आणि त्यातील शिखर ०६:५४ ला आहे. आपल्या १३१ अँगस्ट्रॉमच्या रेषेचे शिखर त्याच्या जवळपास किंवा किंचित नंतर यायला हवे. ते साडेपाच तासांनी सरकलेले दिसले तर भारतीय वेळ कोठेतरी मिसळली आहे. आकारच जुळत नसेल तर एक्स्पोजर पुन्हा तपासावे.

आठवी पायरी: वाटून द्यायचे ते काय

मूळ प्रतिमा पुन्हा वाटण्याची गरज नसते, कारण त्या सार्वजनिक भांडारात आहेतच. वाटायचे ते तीन घटकांत मावते: नेमकी कोणती नोंदमागणी केली तिचा शब्दशः मजकूर, फंक्शनचा कोड संग्रहांच्या आवृत्त्यांसह, आणि आपण निर्माण केलेले फलित. आपल्या उदाहरणात फलित म्हणजे काही केबींचा तक्ता आणि फार तर दीड-दीड जीबीच्या दोन झार सारण्या. झेनोडोसारख्या भांडारात हे सर्व ठेवता येते आणि त्याला डीओआय हा कायमचा क्रमांक मिळतो. प्रत्येक फाइलीसोबत शा-२५६ हा पडताळणीचा अंक द्यावा, म्हणजे घेणाऱ्याला आपली प्रत पूर्ण आली की नाही हे कळते. फलितात वेळ कोणत्या पद्धतीतली आहे, एकक कोणते आहे आणि कोणत्या भरपाया केल्या आहेत हे फाइलीच्या शीर्षनोंदींतच लिहावे. सोबतची स्वतंत्र टिपण फाइल कालांतराने हरवते.

फलित टेराबाइटांत जात असेल तर ब्राउझरमधून उतरवण्याची अपेक्षा ठेवू नये. हवाईतील चार मीटरच्या इनोये सौर दुर्बिणीचे डेटा केंद्र त्यासाठी ग्लोबस ही सेवा वापरते. ती तुटलेली वाहतूक जेथे थांबली तेथून पुढे चालू करते आणि दोन संस्थांच्या साठ्यांमध्ये थेट हस्तांतर करते, आपला लॅपटॉप मध्ये येत नाही.

प्रती एकाहून अधिक ठिकाणी असाव्यात. २६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्टॅनफर्डमध्ये थंड पाण्याची नळी फुटून जेसॉकच्या सर्व्हर कक्षात पाणी शिरले आणि एआयए व एचएमआयच्या डेटाची प्रक्रिया व वितरण दीर्घकाळ विस्कळीत झाले. ज्यांच्याकडे नोंदमागणीचा मजकूर जपलेला होता, त्यांना इतरत्रच्या प्रतींमधून नेमके काय हवे हे सांगता येणे शक्य होते. ज्यांच्याकडे केवळ जेसॉकचे जुने दुवे होते, त्यांना ते शक्य नव्हते.

आदित्यचा डेटा जोडताना

हीच पद्धत आपल्या आदित्य-एल१ या यानाच्या निरीक्षणांना लागू पडते. त्यावरील सूट ही अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुकाच्या नेतृत्वाखाली तयार झाली. ती २०० ते ४०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात अकरा गाळण्यांमधून सूर्य पाहते आणि तिचा शोधकही ४०९६ × ४०९६ पिक्सेलांचा आहे. हा डेटा बंगळूरुजवळील ब्यालालू येथील इस्रोच्या अवकाशविज्ञान डेटा केंद्राच्या प्रदान या सेवेतून मिळतो. एसडीओच्या प्रतिमांशी तो जोडताना मात्र दोन दुरुस्त्या आवश्यक आहेत. आदित्य पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने सुमारे १५ लाख किलोमीटर पुढे आहे, म्हणून त्याला सूर्य सुमारे एक टक्क्याने मोठा दिसतो; बिंबाच्या कडेजवळ हा फरक एआयएच्या मोजपट्टीवर सुमारे १६ पिक्सेलांचा होतो. आणि सूर्यावरची तीच घटना त्याला सुमारे पाच सेकंद आधी दिसते. म्हणून दोन्ही यानांच्या प्रतिमा एका सारणीत आणण्यापूर्वी प्रत्येक फाइलीतील निरीक्षकाचे अंतर वाचून प्रतिमेची मोजपट्टी आणि वेळ दोन्ही सूर्यापाशीच्या एकाच संदर्भात आणाव्यात, आणि हे काम चौथ्या पायरीतील त्या एका फंक्शनमध्येच घालावे, म्हणजे ते प्रत्येक वर्करवर एकसारखे होईल.